आठ तासांच्या रस्त्यावर पाच दिवस

नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर. समृद्धी महामार्गावरून लोक सकाळी नाश्ता करून निघतात आणि संध्याकाळच्या चहाला पोचतात. आम्हाला पाच दिवस लागले. गाडी बिघडली नाही की कुणी आजारी पडलं नाही. आम्हाला जागोजागी उतरायचं होतं, एवढंच.

आम्ही म्हणजे मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र. तो बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाला तेव्हापासून मी त्याला 'साहेब' म्हणतो आणि तो दर वेळी न चुकता चिडतो. मी जालना जिल्ह्यातल्या एका बँकेत कर्जखात्यात होतो. गाडी त्याची, डिझेल निम्मं-निम्मं, टोल माझ्याकडे.

माझ्या डोक्यात एक जुना हिशेब अर्धवट राहिला होता. नोकरीतली शेवटची कितीतरी वर्षं पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जायचा, फेब्रुवारीत ३००. हा कर महाराष्ट्रात आला तो रोजगार हमीसाठी. आणि रोजगार हमीची राज्यभर गरज पटली ती १९७२ च्या दुष्काळात, ज्या दुष्काळात माझ्या आईनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. म्हणजे रस्त्यानं आधी आम्हाला खायला घातलं, मग मी त्याचे हप्ते फेडले. आता हा ५५ हजार कोटींहून जास्त खर्चाचा रस्ता कुणाला खायला घालतो, ते बघायचं होतं.

दिवस पहिला : नागपूर ते वर्धा

साहेबाच्या हट्टानं सुरुवात झिरो माइलच्या खांबापासून. तिथल्या चार घोड्यांपुढे उभं राहून त्यानं मला १९४३ ची नागपूर योजना ऐकवली. त्या साली सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि देशाच्या रस्त्यांची वीस वर्षांची आखणी केली. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, ग्राममार्ग ही उतरंड तेव्हाची. शेती चांगली असलेल्या भागातलं कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून लांब असू नये, असं त्यांनी कागदावर लिहून ठेवलं. स्वातंत्र्याला चार वर्षं बाकी, बाहेर महायुद्ध चालू, आणि ही मंडळी गावापासून सडकेपर्यंतचे मैल मोजत बसलेली. मला गंमत वाटली. साहेबाला गहिवरून आलं होतं, म्हणून मी काही बोललो नाही.

शिवमडक्याला महामार्गावर चढलो. दुचाकी आणि रिक्षाला इथे बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या रस्त्यावर जे जे असतं त्यातलं काहीच दिसत नाही. शाळेतली पोरं नाहीत, बैलगाडी नाही, शेंगावाला नाही. काँक्रीटच्या तीन-तीन मार्गिका आणि दोन्ही बाजूंना कुंपण. पहिला अर्धा तास भारी वाटलं. नंतर डोळे जड व्हायला लागले. या रस्त्यावर चालकाला भुरळ पडते म्हणतात, ते पटलं.

येळाकेळीला उतरून मागे वळलो आणि गावरस्त्यानं महामार्गाच्या खालच्या एका बोगद्यापाशी आलो. कापूस वेचणीचे दिवस. बोगद्याच्या सावलीत चार बाया गाठोडी टेकवून बसल्या होत्या. त्यांतल्या एका मावशींना विचारलं, रस्त्याचा काय फायदा झाला?

"आमच्याच वावरातून गेला नं भाऊ," त्या म्हणाल्या. "अर्धं इकडं, अर्धं तिकडं. तिकडचं इथून दिसते, पण जाचं म्हणलं तं या बोगद्यातून फिरून."

"आणि काम?"

"चालू होता तवा होतं. माहा पोट्टा दोन वर्सं डंपरवर होता. मशिनी गेल्या तं पोट्टाही त्याइच्या मांगंच गेला. आता गुजरातेत हाय म्हणे, दुसऱ्या रस्त्यावर."

संध्याकाळी वर्ध्यात जेवताना मी हे साहेबापुढे काढलं. त्याला त्यात नवल वाटलं नाही. काँक्रीटचा रस्ता टाकणारं पेव्हर यंत्र सकाळी पुढे सरकायला लागतं आणि संध्याकाळपर्यंत काहीशे मीटर गुळगुळीत पट्टा मागे सोडतं. त्याच्या आजूबाजूला मोजकी माणसं, आणि तीही शिकलेल्या हाताची: ऑपरेटर, सर्व्हेवाले, लॅबवाले, डंपरचे ड्रायव्हर. त्यांचा रोजगार यंत्राबरोबर गाव बदलतो. रस्त्यावर खर्च झालेला बराचसा पैसा सिमेंटच्या भट्टीत, सळईच्या कारखान्यात, डिझेलमध्ये आणि यंत्राच्या हप्त्यात जातो. रोजगार तिथेही होतोच, पण तो वर्ध्यात असेलच असं नाही.

"मग गावाला काय?" मी विचारलं.

"बांधताना मुरूम," साहेब म्हणाला. "बाकीचं नंतर बघू."

दिवस दुसरा : कारंजा ते मेहकर

सकाळी महामार्गावरून कारंजा लाडपर्यंत आलो आणि तिथून मुद्दाम जुना रस्ता धरला. मालेगाव, मेहकर, सुलतानपूर, दुसरबीड. समृद्धी होण्याआधी नागपूरहून संभाजीनगरकडे जाणारी गाडी या गावांच्या पोटातून जायची. रात्रीच्या ट्रॅव्हल्स इथे जेवायला थांबायच्या.

मेहकरच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. खाटा तीस-पस्तीस असतील, आमच्यासकट गिऱ्हाईक सहा. मालक साठीचे, बोलायला मोकळे. आमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून त्यांनी दुधाची डायरी पुढे सरकवली. आधीच्या पानांवर रोजचं ६० लिटर, आता २०. एवढ्या आकड्यात सगळं आलं. चाळीस लिटर दूध कमी लागलं म्हणजे बाजूच्या वस्तीवरच्या कुणीतरी पाच-सहा म्हशी विकल्या असणार. पूर्वी भाकरी थापायला चार बाया होत्या, आता एकच. भांडी घासणारा पोरगा शिर्डीला हॉटेलात गेला. समोरचा पंक्चरवाला तेवढा टिकून आहे, कारण टोल वाचवणारे ट्रक अजून याच रस्त्यानं येतात.

"धंदा मेला नाही," मालक म्हणाले, "पण रात्र मेली." म्हणजे रात्रीची गर्दी गेली.

त्यांच्या धाकट्या भावानं मात्र वेगळं केलं. महामार्गाच्या उताराचा रस्ता गावरस्त्याला मिळतो तिथे पत्र्याचं शेड टाकलं, आधी चहा, मग झुणका-भाकर, आता चार चाकांची हवा आणि वॉशिंगही. आम्ही तिथेही जाऊन आलो. कारवाले उतरतात, लोणारला जायचा रस्ता विचारतात, चहा घेतात. शेड ठीक चाललं होतं. दोघं भाऊ दिवाळीत एकत्र जेवले, पण धंद्याचा विषय कुणी काढला नाही, असं धाकट्यानं सांगितलं.

मी रुमालावर हिशेब मांडला. ७०१ किलोमीटरला चढ-उताराच्या जागा चोवीस. म्हणजे सरासरी तीस किलोमीटरला एक. जुन्या रस्त्यावर शंभर पावलांवर टपरी टाकता यायची, भांडवल म्हणजे एक स्टोव्ह आणि दोन बाकडी. नव्या रस्त्याची कमाई चोवीस तोंडांपाशी गोळा होते आणि त्या तोंडाशी जागा मिळवायला आधी हातात पैसा लागतो. मधल्या तीस किलोमीटरमधल्या गावांना गाड्यांचा आवाज ऐकू येतो.

या तोंडांपाशीच नवनगरं वसवायची मूळ योजना आहे. कृषी समृद्धी केंद्रं, गोदामं, प्रक्रिया उद्योग, शाळा, घरं. डझनभराहून जास्त ठिकाणं ठरलेली. आम्ही ज्या दोन-तीन जागी उतरलो तिथे तूर डोलत होती. तूर चांगली आली होती यंदा.

दिवस तिसरा : सिंदखेड राजा ते जालना

या दिवशी बोलण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

सिंदखेडराजाला जिजाऊंच्या वाड्यात गेलो. तिथून पुन्हा महामार्गावर. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच पट्ट्यात नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. साहेबानं त्या टापूत गाडीचा वेग कमी केला. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

जालन्याच्या अलीकडे उतरून माझ्या गावाकडे वळलो. मोठ्या रस्त्यापासून गाव साडेसहा किलोमीटर आत. हाच आईचा रस्ता.

मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यांतली एक माझी आई. मी तेव्हा पाच वर्षांचा. दगड उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून सायकलच्या जुन्या टायरची कडी करून तिच्यात दगड ठेवायचा आणि हातोडी मारायची. फोडलेली खडी बिनबुडाच्या लाकडी खोक्यात भरून मोजायचे. खोकं उचललं की खडीचा चौकोनी ढीग उभा राहायचा, मुकादम त्यावर चुन्याचं पाणी शिंपडायचा, रात्रीतून कुणी उचलून पुन्हा मोजायला लावू नये म्हणून. लहान पोरांना सुकडी मिळायची. तिची चव मला अजून आठवते, आणि आईच्या डाव्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत वाकडं होतं तेही आठवतं.

हे काम म्हणजे नुसता दुष्काळी दानधर्म नव्हता. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्येच तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. पुढे १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. गावापासून जवळपास काम द्यायचं, खर्चाचा मोठा वाटा मजुरीवर जायला हवा आणि काम मागूनही दिलं नाही तर भत्ता द्यायचा. समृद्धीवर लागले तेवढे कोटी त्या नियमानं खर्च केले असते तर किती हात लागले असते, हा विचार माझ्या मनात आला. साहेबानं तो लगेच मोडला.

"आणि रस्ता? तुझ्या आईचा रस्ता पहिल्याच चांगल्या पावसात वाहून गेला होता. मी स्वतः पाहिलाय. मजुरीला पैसे होते, डांबराला नव्हते, मोरीला तर नव्हतेच. नुसती खडी आणि मुरूम पसरून ठेवलेला रस्ता असतो का?"

खरं आहे. तो रस्ता तीनदा वाहिला. आम्ही शाळेला जाताना चपला हातात घ्यायचो. ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर काही वर्षांनी आमच्या रस्त्याला डांबर आणि तीन मोऱ्या मिळाल्या. आईनं अंथरलेली खडी त्याच्या पोटात कुठेतरी असेल. डांबर पडल्यावर काय झालं ते मला नीट माहीत आहे, कारण गावातली कर्जप्रकरणं माझ्या टेबलावर यायची. आधी मागणी असायची बैलजोडीची, विहिरीची. डांबर पडल्याच्या दुसऱ्या वर्षापासून म्हशींची कर्जं आली, कारण दुधाची गाडी गावापर्यंत यायला लागली. मग काळीपिवळी घेण्यासाठी दोघं आले. मग मुली सायकलवरून हायस्कूलला जायला लागल्या. त्याचं कर्जप्रकरण होत नाही, पण मी ते बघितलं. त्याच डांबरावरून शहरातले तयार कपडे आले आणि गावातले दोन्ही शिंपी उठले. त्यांतला एक आता जालन्यात दुकानात उंची-छाती मोजतो. रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो, हे आम्ही त्या शिंप्यांकडून शिकलो.

समृद्धीच्या जमिनीचे पैसे आले तेव्हाही मी टेबलावर होतो. सुरुवातीला जमीन एकत्रीकरणाची, म्हणजे जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देण्याची कल्पना होती, ती फारशी चालली नाही. मग थेट खरेदी झाली, बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत. ज्या खात्यात कधी वीस हजारांवर शिल्लक नव्हती तिथे कोटीचे आकडे उमटले. काहींनी शहाणपणानं दुसरीकडे जमीन घेतली, ठिबक केलं, पोराला शिकायला पाठवलं. काहींच्या दारात पांढरी गाडी आली आणि तीन वर्षांत पैसा आणि गाडी दोन्ही गेली. सगळ्यांत लक्षात राहिला तो एक वाटेकरी. बारा वर्षं दुसऱ्याचं सहा एकर वाट्यानं करायचा. मालक पुण्यात. पैसे मालकाच्या खात्यात गेले, कागदाप्रमाणे बरोबरच गेले. हा काउंटरपाशी येऊन म्हणाला, "साहेब, सातबाऱ्यावर माझं नाव कुठंच न्हाई का? इतर हक्कात बी न्हाई?" मी पुन्हा बघितलं. नव्हतं.

संध्याकाळी जालना. इथे मात्र रस्त्याला करण्यासारखं काम आहे, कारण शहरात आधीपासून काहीतरी तयार होतं: सळई, बियाणं, आणि आजूबाजूला मोसंबी. एका मोसंबीच्या व्यापाऱ्यानं गोणीवर बसून गणित समजावलं. पूर्वी मुंबईचा पहाटेचा बाजार गाठायचा तर गाडी दुपारीच हलवावी लागायची, म्हणून तोडणी आदल्या दिवशी. आता संध्याकाळी भरलेली गाडी पहाटेच्या आत पोचते. तोडणी त्याच दिवशी, मजुरांना दुपारनंतरचंही काम, फळ ताजं. एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे टोल आहे, ट्रकला अर्थात त्याहून बराच जास्त. तो परवडतो का, असं विचारलं.

"भाव चढला की समृद्धी," ते म्हणाले, "भाव पडला की आपला जुना रस्ता."

जालन्याजवळ दरेगावच्या ड्राय पोर्टचं, म्हणजे कंटेनरच्या कोरड्या बंदराचं, भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झालं, तेव्हापासून जालन्यात 'बंदर' हा शब्द विनोदात आणि आशेत सारखाच वापरतात.

दिवस चौथा : जालना ते इगतपुरी

दिवसभर गाडीच चालवली. संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक वसाहत लांबून बघितली. ज्याला कारखाना काढायचा आहे त्याला असा रस्ता हवाच असतो, तिथे वाद नाही. शिर्डीला गर्दी होती, थांबलो नाही. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा इथपर्यंतच सुरू झाला होता.

सिन्नरच्या बाजूला कांद्याची रोपं लावणाऱ्या एका शेतकऱ्याशी बांधावर पंधरा मिनिटं बोललो. २०१७ मध्ये या भागात जमीन द्यायला कडाडून विरोध झाला होता. बागायती जमीन, द्राक्ष आणि कांदा. कोरडवाहूवाल्याला जो भाव सोन्यासारखा वाटला तो यांना वाटेना. ते म्हणाले, "पैसा एकदा आला. कांदा दर वर्षी येतो." मग हसून म्हणाले, "म्हणजे, भाव आला तर."

इगतपुरीत गारठा होता. साहेबाचा गुडघा दुखायला लागला.

दिवस पाचवा : इगतपुरी ते आमणे

५ जून २०२५ ला खुला झालेला शेवटचा टप्पा, ७६ किलोमीटर. सुरुवातीलाच जुळा बोगदा, जवळजवळ आठ किलोमीटरचा. कसारा घाटात ट्रकच्या मागे अडकून ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली त्यांनी हा बोगदा एकदा तरी बघावा. सहा मिनिटांत डोंगर संपला. साहेबानं बाहेर आल्यावर गाडी हळू केली, मागे वळून डोंगराकडे बघितलं आणि "जमलंय" एवढंच म्हणाला. बांधकाम खात्यातल्या माणसाकडून याहून मोठी दाद मिळत नाही.

पुढे एकामागून एक उंच पूल. शहापूर तालुक्यात सरळांबे इथे १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्रीनंतर गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळलं आणि २० जण मेले. बहुतेक परराज्यांतून पोटासाठी आलेले. पहिल्या दिवशीच्या मावशींचा मुलगा गुजरातेत आहे, तशीच ही कुणाकुणाची मुलं इथे होती. पुलावरून जाताना खाली काही दिसत नाही.

खुटघरला उतरलो आणि शहापूरच्या आतल्या रस्त्यानं, विचारत विचारत आमण्याकडे निघालो. भिवंडीच्या आजूबाजूला मैलोगणती गोदामं आहेत. मोबाइलवर मागवलेली वस्तू राज्यात कुठेही दारात येते, तिचा एक मुक्काम बहुधा इथे झालेला असतो. पॅकिंग, वेचणी, शिक्के, चढ-उतार, अशी कामं, आणि बाया मोठ्या संख्येनं. रस्त्यानं निर्माण झालेला रोजगार हाताला लागेल असा मला इथेच पहिल्यांदा सापडला.

दिवस कलताना एका पाड्याच्या फाट्यावर पिकअप थांबली होती. मागच्या हौद्यात पंधराएक बाया, गोदामातून सुटून घरी निघालेल्या. डबे मांडीवर. दोघी उतरत होत्या. मागे, दूरवर समृद्धीचा पूल उन्हात पिवळा झालेला आणि त्यावरून गाड्या सुसाट. मी ड्रायव्हर दादाला विचारलं, वरच्या रस्त्यानं का येत नाही, अर्ध्या वेळात पोचाल की.

उत्तर हौद्यातल्या एका ताईनं दिलं. "वर मधी थांबता येत नाय ना दादा. आमाला सात पाड्यांवर थांबाचं आसतं."

उतरलेल्या दोघी पायवाटेला लागल्या. तिथून पुढे रस्ता नव्हताच. पिकअप निघाली, पन्नास-साठ पावलं गेली आणि पुन्हा थांबली.